एका वेळी एकानंच

अश्वजितनं टेबलाखाली उताणं पडून टॉर्च दातांत धरला आणि भिंतीतून आलेली निळी वायर खसकन ओढली. तिच्याबरोबर धुळीचा गोळा आला, पेनाचं टोपण आलं आणि मंजुषाबाईंच्या कानातल्याची हरवलेली फिरकीही आली. मंजुषाबाईंनी ती उचलून पदराला पुसली. सदाशिवराव खुर्चीत ताठ बसले होते. वायर ओढायची ही काय रीत झाली, हे त्यांनी तोंडानं विचारलं नाही एवढंच.

“वायर मी स्वतः टाकली आहे,” ते म्हणाले. “तिच्यात काही निघत नसते.”

आणि खरंच काही निघालं नाही. अश्वजितच्या तपासायच्या डबीवरचे सगळे दिवे ओळीनं लागले. सदाशिवरावांचा सारा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता, आधी वणी, मग पांढरकवडा आणि शेवटी मारेगाव. अश्वजितचे वडील धर्मपाल त्यांच्याच हाताखाली लाइनमन होते. अशा माणसाच्या वायरीवर शंका घेणं म्हणजे सुगरणीला मीठ किती घातलं विचारणं. धर्मपालचं पोरगं आता वणीत कॅमेरे आणि इंटरनेट बसवायचं काम करत होतं, आणि रविवार असूनही गाडी हाणत मारेगावला आलं होतं ते मंजुषाकाकूंचा निरोप मोडवला नाही म्हणून. निरोपही कसा, तर काकूंनी बाजारात त्याच्या आईला गाठून दिलेला, आणि वर बजावलेलं की मी बोलावलं हे यांना सांगू नका. आता बोला! ज्या घरात दोनच माणसं, तिथं दारात गाडी थांबल्यावर कोणी बोलावलं हे लपतं होय?

काकूंचं दुखणं साधं होतं. त्यांना आपल्या मुलाचा आवाज ऐकायचा होता.

मुलगा अनिमेष आयर्लंडमध्ये, कॉर्क नावाच्या गावी. जाऊन बरीच वर्षं झाली. मधे एकदा येऊन गेला, तो आला कधी आणि गेला कधी हे कळलंही नाही. दर रविवारी दुपारी चारला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. घर गावाबाहेरच्या लेआउटमध्ये, लँडलाइन केव्हाच गेलेली, मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर, आणि मंजुषाबाईंच्या गुडघ्यांना जिना वर्ज्य. वायफायचं नाव काढलं की सदाशिवराव म्हणत, हवेतल्या गोष्टीचा भरवसा नाही, वायर ती वायर. म्हणून मग हा जुना कॉम्प्युटर, हे टेबल आणि ही निळी वायर.

पूर्वी सगळं ठीक चालायचं. मागल्या वर्षी इंटरनेटवाल्यानं जुना डबा काढून नवा बसवला आणि तेव्हापासून कॉल सुरू झाला रे झाला, की चित्र थिजायचं, आवाजाचे तुकडे पडायचे. सदाशिवराव हार मानणारे नव्हते. त्यांनी काही रविवार नुसतं निरीक्षण केलं आणि शोध लावला, की इकडून आणि तिकडून एकाच वेळी काही गेलं, तरच लाइन बिघडते. मग त्यांनी घराला नियम घातला, एका वेळी एकानंच. ट्रंककॉलच्या दिवसांत लोक असेच बोलायचे. आपला कॅमेरा बंद, स्पीकर बंद, कारण त्याचा आवाज माइकमधून परत जातो, म्हणून कानाला हेडफोन, आणि बोलायचं ते फक्त सदाशिवरावांनी, तेही मोजकं. मंजुषाबाईंनी मागं दिवाणावर बसून पडद्यावर मुलगा बघायचा. त्याचे ओठ हलायचे, तो हसायचा, उठून कुठं जायचा, परत यायचा. आणि सदाशिवराव मान मागं न वळवता सांगायचे, तो काय म्हणतो ते.

एरवी हा माणूस घुम्या. साऱ्या आठवड्यात त्यांच्या तोंडून निघालेली वाक्यं मुठीत मावतील. पण रविवारी मुलाचे निरोप मात्र नीट, एकही शब्द न गाळता पोचवायचे. तो विचारतो, आई दुपारची थोडी पडते का. तो म्हणतो, थंडी वाढली असंल, पहाटे उठून अंगण झाडायची गरज नाही म्हणावं. तो म्हणतो, आईच्या हातच्या पातोडीसारखं तिकडं काहीच भेटत नाही. त्यावर मंजुषाबाईंनी पातोडी कशी करायची ते बेसन कालवण्यापासून सांगितलं, आणि सदाशिवराव म्हणाले, लिहून पाठवतो त्याला. एकदा तर म्हणाले, “विचारतो, आई आताशा गुणगुणत काहून नाही.”

त्या दिवशी मंजुषाबाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. दुःखानं नाही. इतक्या दूर बसलेल्या लेकराला आपलं गुणगुणणं आठवावं, याचंच त्यांना भरून आलं. दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापताना त्यांच्या ओठांवर पुन्हा काहीबाही यायला लागलं.

पण निरोप तो निरोपच. भरल्या ताटाचं वर्णन ऐकून पोट भरतं का कोणाचं? लेकराच्या तोंडून ‘आई’ ही दोन अक्षरं ऐकायला त्यांचे कान आसुसले होते, आणि मधे हा हेडफोन. तो एकदा मागितला होता त्यांनी. सदाशिवराव म्हणाले होते, तुले एका वेळी एकानं बोलायचं जमणार नाही, तू मधेच बोलशील, लाइन जाईल. हेही खोटं नव्हतं.

अश्वजित कपडे झटकत उठला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत दोन शब्द टाइप करून त्यानं नेटवर्क कार्डाचे आकडे काढले. माहितीची किती पाकिटं गेली, किती आली, त्यातली किती खराब निघाली. खराब पाकिटांचा आकडा पाहून त्याची शिट्टी निघणार होती, पण काका शेजारी आहेत हे आठवून त्यानं ती गिळली. मग त्यानं नव्या डब्याचं पान उघडलं. तिथं जाणारी-येणारी पाकिटं एकमेकांवर आदळल्याचा, म्हणजे टक्करींचा आकडा होता, तोही भला मोठा.

त्यानं एक व्हिडिओ लावला. तो छान चालला, आकडे जवळपास जागचे हलले नाहीत. व्हिडिओ चालू ठेवून त्यानं इकडून एक मोठी फाइल पाठवायला घेतली, तसा व्हिडिओ अडखळला आणि डब्यावरचा टक्करींचा आकडा उड्या मारत वर निघाला. सदाशिवराव पुढं वाकून बघत होते. आपला शोध बरोबर होता, याचं थोडं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

अश्वजितनं वायर बदलून स्वतःची लावली. तेच. डब्याचं दुसरं भोक वापरलं. तेच.

“कार्डच गेलं असंल,” सदाशिवराव म्हणाले. “जुनं आहे. जाऊ दे, चालून तं राह्यलं ना.”

मंजुषाबाई चहाचा कप घेऊन दारात थबकल्या. हे ‘जाऊ दे’ त्यांना चांगलं माहीत होतं. ज्या माणसानं निवृत्तीनंतरही शेजाऱ्याचा बिघडलेला पंखा कधी जाऊ दिला नाही, त्यानं मुलाच्या कॉलला जाऊ दे म्हणावं, याचा त्यांना मनापासून राग आला. पण परक्या पोरासमोर काय बोलायचं, म्हणून त्यांनी कप टेबलावर जरा आपटूनच ठेवला.

अश्वजितनं तोवर कार्डाच्या सेटिंगची यादी उघडली होती आणि एकेक ओळ बघत खाली चालला होता. एका ओळीवर तो थांबला. कार्डानं किती वेगानं आणि कशा तऱ्हेनं बोलावं याची ती ओळ. जिकडंतिकडं लोक ती ऑटोवर सोडतात. इथं ती हातानं बांधून ठेवलेली होती, शंभरचा वेग, फुल डुप्लेक्स.

“हे कोणं केलं, काका?”

“मीच. जाणं-येणं दोन्ही रस्ते खुले. अर्धं कायले ठेवायचं?”

अश्वजितला हसू आलं नाही. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं, की जुना डबा होता तेव्हा हेच बरोबर होतं, कारण त्या बाजूलाही तसंच बांधलेलं असणार. नवा डबा सुरू होताना कार्डाला विचारतो, आपण कसं बोलायचं. कार्ड हातानं बांधलेलं, म्हणून ते उत्तरच देत नाही. उत्तर आलं नाही की डबा बिचारा सावध होतो आणि ठरवतो, इथं एका वेळी एकानंच बोलावं. म्हणजे कार्ड समजते की दुपदरी रस्ता आहे आणि सुसाट सुटते, डबा समजतो की एकपदरी पूल आहे आणि समोरून कोणी आलं की थांबतो. वायर चांगली, कार्ड चांगलं, डबाही चांगला. फक्त दोघांचा समज वेगवेगळा.

सदाशिवरावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. एक्सचेंजमध्ये त्यांनी कधी कोणती गोष्ट आपोआपवर सोडली नव्हती. आपोआपवर सोडलेलं रात्री-बेरात्री दगा देतं आणि हातानं पक्कं केलेलं टिकतं, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

“म्हणजे माझ्याच हातानं झालं हे,” ते म्हणाले.

“बाबाही मले हेच शिकवत होते, काका. पक्कं बांध म्हणून. मीही पहिल्या पहिल्यानं दोन ठिकाणी असंच करून बसलो.”

त्यानं ओळ ऑटोवर आणली. डब्यावरचा दिवा विझला, क्षणभरानं पुन्हा लागला. आकडे पुसून त्यानं दोन्ही बाजूंनी एकदम भरभरून पाठवायला सुरुवात केली. खराब पाकीट एकही नाही, टक्कर एकही नाही. तरी खातरी म्हणून त्यानं हेडफोन काकूंच्या कानाला लावला, मग तो मोबाइल घेऊन गच्चीवर गेला, तिथून कॉम्प्युटरवर कॉल लावला आणि म्हणाला, काकू, मी बोलतो, तुम्हीही बोला, थांबायचं नाही. काय बोलावं ते मंजुषाबाईंना सुचेना, म्हणून त्यांनी बाजारातल्या भाज्यांची नावं घेतली, वांगे, भेद्रं, सांबाराची जुडी, पालक. वरून अश्वजित गावांची नावं घेत होता, राळेगाव, वणी, झरी, घाटंजी. दोघांचं बोलणं शेजारी शेजारी स्वच्छ चाललं, एक अक्षर सांडलं नाही. आपला आवाज असा बाहेर जातो हे मंजुषाबाईंना इतकं नवलाचं वाटलं, की भाज्या संपल्यावर त्यांनी फळांचीही नावं घेतली.

अश्वजितनं कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी काढली, स्पीकर जोडला आणि हेडफोनची वायर गुंडाळून बाजूला ठेवली. सदाशिवराव म्हणाले, असू दे तो लावलेला. काकू म्हणाल्या, नको. पोरानं दोघांकडं पाहिलं, चहा एका घोटात संपवला आणि वणीत एक काम राहिलं आहे असं सांगून निघाला. शहाणं पोर.

चार वाजायला अवकाश होता. मंजुषाबाईंनी वेणी घातली, साडी बदलली, पुन्हा पदर नीट केला. आपण कशाला इतकं नटतो, लेकरूच तर आहे, असं म्हणत परत एकदा आरशासमोर जाऊन आल्या. सदाशिवराव मात्र अस्वस्थ होते. पंख्याचा वेग कमी कर, खिडकी लाव, असलं काहीबाही करत होते. शेवटी म्हणाले, आजच्या दिवस हेडफोनच लावू, काम नवीन आहे, आठ दिवस बघू आणि मग.

“आज नाही,” मंजुषाबाई म्हणाल्या.

“तो कामात असते. जास्त बोलत नाही तो.”

“मले तं तुम्ही सांगता, अर्धा घंटा बोलते म्हणून.”

 सदाशिवराव पुढच्या खुर्चीत बसले, मंजुषाबाई मागं दिवाणावर, नेहमीच्या जागी. कॉल वाजला.

“बाबा, आज कॅमेरा चालू?” आवाज खोलीभर झाला. “अरे! आई दिसून राह्यली. आई!”

मंजुषाबाईंनी वर्षभर मनात जमवून ठेवलेलं सगळं त्या एका हाकेसरशी उडून गेलं. आवाज त्यांना आठवत होता त्यापेक्षा जाड झाला होता. थोडा त्याच्या आजोबांसारखा. त्यांनी विचारलं ते जगातली कुठलीही आई विचारील तेच, जेवला का. नाही, आत्ता करणार, तो म्हणाला. तू कशी आहेस? बरी आहे. गुडघे? आहेत आपले. तिकडं थंडी आहे का? हो, पाऊसही आहे. मग तो हसला, त्याही हसल्या, आणि त्याच्याजवळचं बोलणं तिथंच संपलं. लाइन अगदी स्वच्छ होती. तिकडची नळाची धारही ऐकू येत होती.

“पातोडी करून पाह्यली का?” मंजुषाबाईंनी विचारलं. “बाबांनी लिहून पाठवली ती?”

“कोणती पातोडी?”

समोर सदाशिवरावांची मान ताठ झाली. मंजुषाबाईंनी ती पाहिली. एक क्षण त्यांना काहीच कळलं नाही, आणि तरीही तोंडातून जे निघालं ते नवऱ्याला सांभाळून घेणारंच निघालं.

“काही नाही रे. मीच दुसऱ्या कोणाले सांगितली असंल.”

“बरं आई, मी आता माझं स्वयंपाकाचं बघतो,” अनिमेष म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठं तुसडेपणा नव्हता. “तुम्ही बसा बघत, नेहमीसारखं. मी कॉल चालूच ठेवतो. बाबा म्हणालेच होते ना, बोलायला काही नसलं तरी चालंल, अर्धा घंटा नुसता समोर राहा, आईला दिसत राहशील.”

“कर बापा,” मंजुषाबाई म्हणाल्या. “कर तुझं.”

तो वळला आणि कांदा चिरायला लागला. मागून एक मित्र आला, त्याच्याशी तो इंग्रजीत काही बोलला आणि हसला. मग एकटाच काहीतरी पुटपुटत फडताळं उघडू लागला, मीठ शोधत असावा. हे हसणं मंजुषाबाईंना पाठ होतं. हे ओठही पाठ होते. दर रविवारी त्यांनी ते डोळ्यांत साठवले होते, आणि आज पहिल्यांदा त्यांना आवाज होता, आणि त्यातलं काहीही त्यांच्यासाठी नव्हतं. लेकरावर रागावावं असं त्याचं काही चुकलंही नव्हतं, हेच जास्त लागलं.

मग एकेक निरोप त्यांना आठवायला लागला. पहाटे अंगण झाडणं. दुपारचं पडणं. आपण गुणगुणणं बंद केलं, हे कॉर्कमध्ये बसलेल्या माणसाला कुठून कळणार? ते कळायला घरातच राहावं लागतं, आणि कानही असावे लागतात. या घरात आपल्याशिवाय आणखी एकाच माणसाला कान होते. तो माणूस पाठमोरा बसला होता, हात मांडीवर, नजर पडद्यावर, आणि सांगायला आज त्याच्याजवळ काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची त्याची सोयही आपण काढून घेतली, हे मंजुषाबाईंच्या ध्यानात आलं. त्या इतका वेळ त्याच्यावर चिडल्या होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या.

सदाशिवरावांनी आधी हात पुढं करून आपल्या बाजूचा माइक बंद केला. खात्याची सवय. लाइनवर घरचं बोलणं जाऊ द्यायचं नाही. पण वळले नाहीत.

“तुम्हाले मले काही विचारायचं असंल,” मंजुषाबाई म्हणाल्या, “तं आता तुमच्याच तोंडानं विचारत जा.”

तिकडं तेलात कांदा पडला, त्याचा चर्र आवाज आला.  सदाशिवरावांनी खुर्ची सरकवली आणि पडद्याकडं पाठ करून ते मंजुषाबाईंसमोर बसले. इतक्या जवळून बायकोकडं बघायची त्यांना सवय राहिली नव्हती. ते थोडे खाली, साडीच्या काठाकडं बघत होते.

“तुले करमते का गं इथं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मंजुषाबाई म्हणाल्या. “बिलकूल करमत नाही. तुम्हाले?”

“मले तं तो गेल्या दिवसापासून नाही करमत.”

पडद्यावर अनिमेषनं पातेल्यावर झाकण ठेवलं, कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला आणि काहीतरी म्हणाला. दोघांचंही तिकडं लक्ष नव्हतं.